निफाडच्या गारठ्यात कॅक्टस कसे जपायचे

कॅक्टस म्हणजे वाळवंटातलं झाड, त्याला थंडीचं काय एवढं, असं मला बरेच जण विचारतात आणि पहिली काही वर्षं मीही तसंच धरून चालले होते. पण आम्ही राहतो निफाड तालुक्यात. महाराष्ट्रात कडाका पडला की पेपरात पहिलं नाव आमचंच येतं. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंश नोंदलं गेलं होतं आणि त्या सकाळी आमच्या गच्चीवर घमेल्यातल्या पाण्यावर बर्फाची पातळ पापडी धरली होती. त्या एका आठवड्यात माझे चौदा कॅक्टस गेले.

गेले ते थंडीने कमी आणि माझ्या पाण्याने जास्त, हे मला नंतर कळलं. झालं असं की त्या दिवसांत घरात दुसरा विषयच नव्हता, आमच्या द्राक्षबागेत मणी पाण्यावर आलेले, म्हणजे रस भरून मऊ व्हायला लागलेले, सगळ्यांच्या तोंडी एकच की द्राक्षाला तडे जातील, आणि नाना म्हणजे माझे सासरे रोज संध्याकाळी सांगायचे, "रात्री लाईट आली की पाणी भरून घ्या, पाण्याने गारठा मोडतो." ते खरंच आहे. विहिरीचं पाणी त्या थंडीत कोमट असतं, ओली जमीन दिवसाचं ऊन जास्त धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते, त्यामुळे वेलीच्या आसपास अंशभर तरी फरक पडतो. मी काय केलं, बागेला चालतं तर कुंड्यांनाही चालेल म्हणून संध्याकाळी गच्चीवरच्या सगळ्या कॅक्टसना मगाने पाणी घातलं. सहा इंची कुंडीत अशी कितीशी माती असते की ती ऊब धरेल? उलट झाडाने ते पाणी पिऊन घेतलं आणि फुगून बसलं, आणि पहाटे पारा खाली गेला.

माझ्याकडे एक गोल्डन बॅरल जातीचा गोल कॅक्टस होता, सुपारीएवढा असताना आणलेला, अकरा वर्षांत छोट्या कलिंगडाएवढा झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर उत्तरेकडच्या दोन धारांवर, म्हणजे अंगावरच्या उभ्या कंगोऱ्यांवर, काचेसारखा डाग, म्हणजे हिरवा रंग तोच पण आतून ओला ओला, तेल लागलेल्या कागदासारखा पारदर्शक दिसणारा. काट्यांच्या मधून अंगठ्याने दाबलं तर पिकल्या चिकूसारखा आत गेला. दुपारपर्यंत तो डाग पिवळट झाला, चार दिवसांत काळा, आणि मग बुडापासून आंबूस वास यायला लागला. शेजारीच पत्र्याखाली कोपऱ्यात एक मॅमिलारियाची, म्हणजे एका बुटक्या कॅक्टसची, कुंडी महिनाभर विसरून राहिली होती, तिला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता, सुकून आक्रसली होती. ती जशीच्या तशी जगली आणि फेब्रुवारीत तिला गुलाबी फुलांचं कडं आलं. त्या दोन कुंड्या मी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत होते.

यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं. कॅक्टसच्या अंगात पाणीच पाणी असतं. तापमान शून्याच्या खाली गेलं की आधी पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरतो, तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढतो, पेशीची पातळ पापुद्री फाटते, आणि सकाळी ऊन लागून वितळलं की सगळा रस बाहेर, तोच तो काचेसारखा डाग. पण कोरडं ठेवलेलं झाड थंडी यायच्या आधीच अंगातलं पाणी कमी करतं, आक्रसतं, उरलेला रस साखरेने घट्ट होतो, आणि पाकासारखा घट्ट रस साध्या पाण्याइतक्या लवकर गोठत नाही. म्हणून हिवाळ्यात तुमचा कॅक्टस सुरकुतलेला, बसलेला दिसला तर घाबरून पाणी घालू नका, तो त्याची तयारी करतोय. काहींचा रंग लालसर जांभळा होतो, तेही चालतं. बीटात जो लाल रंग असतो ना, त्याच जातीचा रंग कॅक्टसमध्ये असतो, तो थंडीत आणि उन्हात वर येतो, उन्हाळा लागला की परत हिरवं.

तर थंडीची तयारी थंडीत करायची नसते, ती दसऱ्यापासून करायची. माझं वेळापत्रक असं ठरून गेलंय: दसऱ्यानंतर युरिया, शेणखताचं पाणी, असलं नत्र देणारं काहीही बंद, कारण नत्राने कोवळी, पाणीदार वाढ होते आणि थंडी आधी तीच खाते. आमच्याकडे बागेसाठी झिरो झिरो फिफ्टी, म्हणजे नत्र नसलेलं पालाशाचं खत, आणलेलंच असतं, त्यातलं चिमूटभर, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, मी सप्टेंबरात एकदा देते, पालाशाने अंग घट्ट होतं. तुमच्याकडे नसेल तर त्यासाठी मुद्दाम पोतं आणायला जाऊ नका, नाही दिलं तरी चालतं. दिवाळीच्या आसपास शेवटचं पोटभर पाणी. तुळशीचं लग्न झालं की पंधरा-वीस दिवसांतून एकदा अगदी थोडं, तेही सकाळी ऊन चढल्यावर आणि पुढचे दोन-तीन दिवस ऊन आहे असं बघून. मार्गशीर्ष लागला की मोठ्या झाडांना पूर्ण बंद, सरळ महाशिवरात्रीपर्यंत. जवळजवळ तीन महिने पाणी नाही म्हटल्यावर नवीन माणसाचा जीव खालीवर होतो, माझाही व्हायचा, पण मूठभर आकाराच्या पुढचं निरोगी झाड एवढं सहज काढतं. पुण्या-मुंबईकडे एवढं कडक पाळायची गरज नाही, मुंबईत तर गारठा म्हणावा असा नसतोच, तिथे पाणी फक्त कमी केलं तरी पुरतं.

आता यात एक अडचण आहे, ती म्हणजे अवकाळी. आपण पाणी बंद करून बसतो आणि नोव्हेंबरात आभाळ येतं. २०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे गारपीट झाली, बागा झोपल्या, लोकांचं वर्षाचं उत्पन्न एका संध्याकाळी गेलं, त्यापुढे कुंड्यांचं काय बोलायचं. पण कुंड्यांपुरतं सांगायचं तर पाऊस आणि मागून लगेच थंडी ही जोडी सगळ्यात वाईट. त्यामुळे वर छप्पर पाहिजेच. पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद, म्हणजे उन्हात टिकणारं प्लास्टिक, मिळतो, त्याचा तुकडा पाईपच्या सांगाड्यावर उतार देऊन ताणून बांधायचा, बाजू उघड्या. ऊन खाली येतं, पाऊस येत नाही. आणि कुंडीतल्या मातीचं मिश्रण! नर्सरीतून येणारं झाड बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये असतं, ते वरून कोरडं दिसतं आणि आत मुळाशी आठ-आठ दिवस ओलं असतं. बांबूची काडी खोचून बघा, बाहेर काढल्यावर काडी थंड आणि काळपट लागली तर आत ओल आहे. मी दोन वाटे चाळलेली जाड वाळू, एक वाटा विटांचे बारीक तुकडे, एक वाटा मुरूम आणि एक वाटा जुनं शेणखत असं घेते. पण हे बदलायचं काम पावसाळ्याच्या आधी, ऐन थंडीत मुळं उघडी करू नका.

पाण्यानंतर दुसरी गोष्ट आभाळ. हे मला फार उशिरा समजलं. आपण मोबाईलवर बघतो ५ अंश आणि म्हणतो चला, शून्याच्या वर आहे. पण तो आकडा जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीतल्या हवेचा असतो. ज्या रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, त्या रात्री गच्ची, माती, झाडाचं अंग, सगळं आपली ऊब सरळ वर आभाळात सोडत राहतं आणि हवेपेक्षाही गार होतं, कधी तीन-चार अंशांनी. म्हणून हवा ३ अंश असताना उघड्यावरच्या गवतावर दव गोठतं आणि आंब्याखालच्या गवतावर नुसतं ओलं असतं. मोटारसायकलच्या सीटवर सकाळी पांढरं दिसलं आणि पोर्चमधल्या गाडीवर काहीच नाही, हे तुम्हीही बघितलं असेल. म्हणजे झाड आणि आभाळ यांच्यामध्ये काहीतरी आडवं आलं की अर्धं काम झालं, मग तो पत्रा असो, सज्जा असो, शेडनेट असो की जुनं लुगडं.

थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने खाली येऊन साचते, हेही लक्षात ठेवा. महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात दव गोठून पांढरं होतं आणि बाजारपेठेत तसं नसतं, ते याच्यामुळेच. घरातसुद्धा तेच. अंगणातला सगळ्यात खालचा कोपरा, कंपाउंडच्या भिंतीला लागून जिथे हवा अडते, तिथे कॅक्टस ठेवू नका. सगळ्यात चांगली जागा म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत. दिवसभर ऊन खाते, दगडी किंवा विटांची असेल तर रात्री दहा-अकरापर्यंत हात लावला तरी कोमट लागते. माझे सगळे नाजूक प्रकार डिसेंबरात त्या भिंतीला चिकटून बसलेले असतात. कुंड्या एकमेकींना लावून ठेवायच्या, लहान आत, मोठ्या बाहेर, आणि फरशीवर थेट नाही, खाली फळी किंवा थर्माकोलचा तुकडा. गच्चीची फरशी पहाटे केवढी गार असते ते अनवाणी गेल्यावर कळतंच.

झाकण्याबद्दल. बऱ्याच लोकांना वाटतं प्लास्टिकची पिशवी घातली की झालं. प्लास्टिक झाडाला चिकटलं की तिथे पाणी धरतं आणि जिथे जिथे टेकलंय तिथेच झाड भाजल्यासारखं होतं. कापड घ्या. आमच्या भागात क्रॉप कव्हर सगळ्या कृषी सेवा केंद्रात मिळतं, तो पांढरा न विणलेला कागदासारखा कपडा, कलिंगडावर, डाळिंबावर टाकतात तो, १७ जीएसएमचा (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचा) पातळ येतो, त्याचे दोन पदर घ्या नाहीतर थोडा जाड बघा. ते नसेल तर जुनी सुती साडी, चादर, गोणपाट, काहीही. फक्त कापडाला आधार द्या, चार काठ्या किंवा वाकवलेला जीआय तारेचा कमान, म्हणजे ते काट्यांवर पडत नाही, आणि खालपर्यंत जमिनीला टेकवून विटा ठेवा, कारण ऊब खालून येते, वरून नुसती टोपी घालून बाजू उघड्या ठेवल्या तर वारा सगळं घेऊन जातो. ऊन असतानाच, म्हणजे साडेपाचच्या आत झाकायचं, अंधार पडल्यावर झाकलं तर काय झाकलं, ऊब तर गेली. आणि सकाळी नऊच्या सुमाराला काढायचंच. आळस करून दोन दिवस तसंच ठेवलं की आत दमट होतं आणि बुरशी लागते. भुरी या बुरशीच्या रोगाशी जन्माची ओळख असलेल्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

उंच, खांबासारख्या कॅक्टसचा शेंडा आधी जातो, कारण नवीन पेशी तिथेच असतात. माझी नणंद अमेरिकेत ॲरिझोनात फिनिक्सला असते, तिने मला पहिल्यांदा फोटो पाठवला तेव्हा मला कळेचना, रस्त्याच्या कडेच्या सगळ्या उंच कॅक्टसच्या डोक्यावर थर्माकोलचे पांढरे कप उपडे घातलेले. तिथलं वाळवंटही रात्री गोठतं आणि तिथले लोक दर हिवाळ्यात हेच करतात. मी लगेच केलं. काटे असल्यामुळे कप घट्ट बसतो, उडत नाही, आणि दहा-बारा फुटी झाडावर साडी गुंडाळत बसण्यापेक्षा हे फार सोपं. कप मिळाला नाही तर जुना लोकरी मोजासुद्धा चालतो.

मग प्रश्न येतो की कुठल्या कॅक्टसला किती जपायचं, कारण दोनशे कुंड्या कोणी रोज आत-बाहेर करू शकत नाही. सगळे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले, पण कोण कुठून आलंय त्यावर सगळं अवलंबून. रेब्युशिया, लोबिव्हिया हे बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या उंच डोंगरांतले, कोरडे असले की निफाडची थंडी त्यांना काहीच नाही, उलट थंडी मिळाली तरच भरपूर फुलतात. फड्या निवडुंगाच्या काही जाती तर कॅनडात बर्फाखाली राहतात. मॅमिलारिया, ॲस्ट्रोफायटम, जिम्नोकॅलिशियम, इचिनॉप्सिस हे कोरड्यात ५ अंशांपर्यंत बिनघोर, त्याखाली झाकायचं. गोल्डन बॅरल कोरडा असेल तर शून्याच्या आसपासही निभावतो पण ओलसर थंडीत त्याच्या अंगावर तपकिरी डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. खरे नाजूक म्हणजे मेलोकॅक्टस, लाल टोपी घालून बसतो तो, तो कॅरिबियन आणि ब्राझीलकडचा, त्याला १२-१५ अंशांच्या खाली नेऊच नका, सरळ घरात. डिस्कोकॅक्टसचंही तेच. ख्रिसमस कॅक्टस ब्राझीलच्या जंगलात झाडांवर वाढणारा, त्याला घरात ठेवा आणि त्याचं पाणी पूर्ण बंद करू नका, वाळवंटाचा नियम त्याला लागू नाही.

आणि नर्सरीत, लग्नात रिटर्न गिफ्टला, सगळीकडे मिळतो तो लाल-पिवळ्या गोळ्याचा मून कॅक्टस. तो गोळा कलम केलेला असतो, त्याच्या खालचा हिरवा तीनधारी खुंट ड्रॅगन फ्रूटचा असतो. वरचा गोळा राहिला बाजूला, खुंटालाच थंडी सोसत नाही, तो ८-१० अंशांखाली पिवळा पडायला लागतो. लोक म्हणतात गोळा मेला, खरं तर खालून खुंट कुजलेला असतो. द्राक्षात खुंटावर कलम करणाऱ्यांना हे पटकन समजतं. अडेनियम कॅक्टस नाही, पण आपण सगळे त्याच रांगेत ठेवतो म्हणून सांगते, पानं गळली की त्याचं पाणी थांबवा, गारठ्यात ओलं राहिलं की त्याचा बुडखा मऊ पडतो.

लहान रोपांचा नियम वेगळा. बियांपासून केलेली वर्षभराच्या आतली रोपं वाटाण्याएवढी असतात, त्यांच्या अंगात साठाच नसतो, दोन महिने कोरडी ठेवली तर वाळून जातात. त्यांना मी द्राक्षाच्या रिकाम्या पेटीत, खाली थर्माकोल टाकून, स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवते आणि पंधरा दिवसांतून एकदा दुपारी कोमट पाण्याचा हलका फवारा मारते. मोठी झाडं घरात आणली तर उजेडाची जागा द्या आणि पाणी अजिबात नाही, कारण अंधारात पाणी मिळालं की शेंडा बारीक, फिका, पेन्सिलीसारखा वाढतो आणि तो आकार पुन्हा कधीच सुधारत नाही.

ज्या दोन-चार रात्री खरंच शून्याजवळ जाणार असं वाटतं, त्या रात्रींसाठी जुना तारेचा ६० वॉटचा पिवळा बल्ब कापडाच्या झाकणाच्या आत टांगता येतो. एलईडी गरम होत नाही, त्याचा उपयोग नाही. बल्ब कापडापासून हातभर लांब पाहिजे, होल्डर दवाने भिजणार नाही असा पाहिजे, आणि वायरीला मधे जोड नको. त्यापेक्षा मला पाण्याचा ड्रम जास्त आवडतो: शेडमध्ये २०० लिटरचा काळा ड्रम भरून झाकण लावून उन्हात येईल असा ठेवायचा, दिवसभर तापतो, रात्रभर ऊब सोडतो, ना वीज ना काळजी. छोट्या कापडी झाकणाखाली पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उन्हात तापवून संध्याकाळी कुंड्यांच्या मधे ठेवल्या तरी चालतात. शेगडी मात्र बंद शेडमध्ये किंवा घरात कधीही पेटवून ठेवू नका. कोळशाच्या धुराने, न दिसणाऱ्या वायूने माणसं झोपेत गेलेली आहेत. बागेत पेटवतो त्या शेकोट्या उघड्यावर असतात, कुंड्यांसाठी तो उद्योग करू नका.

एवढं करूनही एखाद्याला लागलंच तर त्या सकाळी काहीही करू नका, फक्त सावली करा. गोठलेल्या झाडावर एकदम ऊन पडलं की नुकसान वाढतं, दोन-तीन दिवस शेडनेटखाली राहू दे. लगेच कापू नका, कारण किती गेलंय ते आठवडाभर कळत नाही, कधीकधी डाग वाळून खरपुड्यासारखा होतो आणि झाड आतून ठीक असतं, व्रण राहतो एवढंच. पण डाग मऊ असेल आणि रोज सरकत असेल तर थांबू नका. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून कापा आणि कापलेल्या तोंडाकडे नीट बघा, मधे एक गोल कडं दिसतं, शिरांचं, ते पांढरट-हिरवं असेल तर ठीक. त्यात नारिंगी किंवा तपकिरी ठिपका दिसला तर अजून एक चकती काढा, परत ब्लेड पुसा, परत बघा, ठिपका संपेपर्यंत. मग गंधकाची भुकटी लावा, घरात नसेल तर दालचिनीची पूड, आणि कोरड्या सावलीत पंधरा दिवस उघडं ठेवा. त्या गोल्डन बॅरलचं मी असं काही करू शकले नाही, बुडापासून गेला होता, पण त्याच आठवड्यातल्या एका इचिनॉप्सिसचा वरचा तीन इंच तुकडा असाच वाचवला, त्याला मार्चमध्ये कोरड्या वाळूवर ठेवल्यावर मुळं फुटली आणि आता त्याची पिल्लंच नऊ आहेत.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, तरी मी अजून आठवडाभर थांबते आणि रात्रीचा पारा सलग १२-१३ अंशांच्या वर राहिला की मगच पाण्याला हात लावते. पहिल्यांदा नुसता फवारा, चार-पाच दिवसांनी अर्धं पाणी, आणि मग बघत बसायचं. सुरकुत्या आठ-दहा दिवसांत भरून येतात, शेंड्याच्या मधोमध नवीन काटे ओलसर चमकदार रंगाचे दिसायला लागतात, तेव्हा पोटभर पाणी घालायचं. ज्या कुंडीतलं झाड दोन पाण्यांनंतरही फुगलं नाही, ते हलक्या हाताने हलवून बघा, डगमगत असेल तर मुळं गेलीत, उपसून मुळं कापून वाळवून परत लावा. आणि कापडाखालून बाहेर काढलेली झाडं थेट मार्चच्या दुपारच्या उन्हात नेऊ नका, दोन आठवडे शेडनेटखाली, मग उघड्यावर.